डोकं गमावलेले आणि डोकं कमावलेले

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोपस आणि कालव एकाच घराण्यातले, हे ऐकायला खोटं वाटतं. ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात. कालवाला तर डोकंच नाही. तरी दोघंही मृदुकाय प्राणी. समुद्री गोगलगायी, शिंपले, म्हाकूळ, सगळे त्याच कुळातले. या कुळाचा मूळ पूर्वज ५० कोटी वर्षांच्याही आधी समुद्रात वावरत होता आणि ऑक्टोपससारखा मेंदू काही त्याच्याकडे नव्हता. मग एकाच घरात एवढी तफावत आली कुठून? आज त्याविषयी बोलू या.

पूर्वज तर उरला नाही. पण त्याची चेतासंस्था कशी असेल याचा अंदाज बांधायला कायटॉन नावाचा प्राणी कामी येतो. पाठीवर आठ कवचपट्ट्या, आणि काम म्हणाल तर खडक खरवडून शेवाळ खाणं. त्याच्या अन्ननलिकेभोवती चेतातंतूंचं एक कडं असतं. तिथून चार दोर मागे निघतात. दोन चालण्याच्या पायात जातात आणि दोन शरीराच्या कडेकडेनं. मध्ये आडवे धागे. चेतापेशी या दोरांच्या लांबीभर विखुरलेल्या असतात, एका जागी जमलेल्या फारशा दिसत नाहीत.

पुढे बऱ्याच शाखांत या पेशी गोळा होत गेल्या. अशा गोळ्याला गुच्छिका म्हणतात. पूर्वी समजूत अशी होती की हे एका ओळीत घडलं: आधी कायटॉन, मग शिंपले, मग गोगलगायी आणि शेवटी ऑक्टोपस, म्हणजे जणू परीक्षेतल्या इयत्ता. गोगलगायीला डोकं, ऑक्टोपसलाही डोकं, म्हणून ते सख्खे भाऊ मानले जात. २०११ मध्ये जनुकांच्या मोठ्या तुलनेतून तयार झालेला वंशवृक्ष प्रसिद्ध झाला आणि ही रांग विस्कटली. गोगलगायी निघाल्या शिंपल्यांच्या जवळच्या, आणि ऑक्टोपस-म्हाकुळांचा गट दूरचा. म्हणजे चेतापेशी एका जागी आणण्याची युक्ती या कुळात वेगवेगळ्या शाखांना स्वतंत्रपणे साधली. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

उलटा प्रवासही झाला. शिंपल्यांच्या पूर्वजांनी डोकं सोडून दिलं. दोन शिंपांमध्ये बसून पाणी गाळून खायचं तर पुढे डोकं काढून करायचं काय? गुच्छिकांच्या तीन जोड्या उरल्या. कालवाला तर मोठेपणी पायही नसतो, म्हणून पायाकडची जोडीही झिजून जाते. पण याच गटातला स्कॅलॉप पाहा. शिंपा फडफडवत तो चक्क पोहतो, आणि त्याच्या कडेला डोळे असतात, दोनशेपर्यंत! या डोळ्यांत भिंगाच्या जोडीला आरसा असतो, तोच प्रतिमा तयार करतो. त्या डोळ्यांची खबर जाते कुठे? डोकं तर नाही. ती जाते शरीराच्या मागच्या भागातल्या गुच्छिकेकडे, आणि स्कॅलॉपमध्ये तीच सर्वांत मोठी आणि गुंतागुंतीची होऊन बसली आहे. गरज परत आली, तेव्हा मेंदूचं काम डोक्याच्या जागी परतलं नाही, दुसरीकडेच उभं राहिलं.

गोगलगायींची तऱ्हा आणखी न्यारी. बऱ्याच समुद्री गोगलगायींचं पिल्लू आधी डिंभाच्या, म्हणजे मोठ्यांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या बालरूपात पाण्यात पोहत असतं. त्या अवस्थेत त्याच्या शरीराचा वरचा भाग खालच्या भागावर १८० अंशांत फिरतो. मागे असलेलं गुदद्वार डोक्यावर येतं. यात कसलं शहाणपण आहे यावर अजून वाद चालतात. पण शरीर फिरलं की आतल्या अवयवांकडे जाणारा चेतातंतूंचा फासही पीळ खातो आणि मराठी चारच्या आकड्यासारखा दिसू लागतो. पुढे समुद्री ससा (हीही एक समुद्री गोगलगायच) वगैरे गटांनी हा पीळ पुन्हा सोडवला.

डिंभाच्या माथ्यावर आणखी एक गंमत असते. तिथे मोजक्या चेतापेशींचा एक छोटा अवयव असतो; त्यातल्या काही पेशींत सेरोटोनिन हे रसायन असतं. डिंभाचं पोहणं आणि तळाशी कुठे टेकायचं, या कामांत त्याचा हात असतो. रूपांतर झालं की हा अवयव नाहीसा होतो. म्हणजे प्राण्याचा पहिला मेंदू तात्पुरता, पक्का त्याच्या शेजारी वेगळा घडत असतो. काही गोगलगायींत शरीराच्या मागच्या टोकाला अगदी लवकर उगवणाऱ्या पेशीही सापडल्या आहेत. त्यांचे तंतू पुढे धावतात, आणि पुढच्या मोठ्या गुच्छिका जवळजवळ त्याच वाटेवर उभ्या राहतात.

या प्राण्यांनी विज्ञानाला दिलंय खूप. समुद्री सशाच्या शरीरात जेमतेम २० हजार चेतापेशी, पण काही इतक्या मोठ्या की व्यास एक मिलिमीटरपर्यंत भरतो. आठवण कशी साठते हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी हाच प्राणी निवडला. शेपटीला झटका बसला की तो पुढे साध्या स्पर्शालाही कल्ले जोरात आत ओढतो. एकदाच झटका दिला तर आठवण थोडा वेळ टिकते. पुन्हापुन्हा, मध्ये वेळ सोडून दिला, तर आठवडे टिकते, आणि तेव्हा पेशींमध्ये नवे जोड वाढलेले दिसतात. आठवण म्हणजे जोडांमधला बदल, हे पेशीच्या पातळीवर दाखवल्याबद्दल २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

म्हाकुळाची कथा त्याआधीची. धोका दिसला की म्हाकूळ पाण्याची चिळकांडी मारून मागे उसळतं. त्यासाठी शरीराभोवतीचं अख्खं स्नायूंचं आवरण एकाच क्षणी आवळलं पाहिजे. संदेश जलद नेण्याचा उपाय म्हणजे तंतू जाड करणं, आणि वाढीच्या काळात शेकडो पेशींचे तंतू एकमेकांत मिसळून हा राक्षसी तंतू तयार होतो. यातली बारीक हुशारी पाहा: जे तंतू दूरच्या टोकाला जातात ते अधिक जाड. म्हणून लांबचा संदेश जवळच्या संदेशाच्या जोडीनंच पोहोचतो. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी याच तंतूत विद्युतअग्र घालून चेतासंदेश कसा धावतो ते मोजलं. त्यांचे निर्णायक शोधनिबंध १९५२ चे, नोबेल १९६३ चं. तुमच्या आमच्या शरीरातल्या संदेशाचं गणित आधी म्हाकुळात सुटलं.

आता ऑक्टोपस. त्याचा मेंदू कूर्चेच्या कवटीत, अन्ननलिकेभोवती गुंडाळलेला. प्रत्येक घास मेंदूच्या मधून जातो, कायटॉनचं ते कडंच इथे फुगलेलं. पण दोन तृतीयांश चेतापेशी आठ बाहूंत असतात. त्यावरून 'ऑक्टोपसला नऊ मेंदू' असं छापलं जातं. ऐकायला छान, पण अतिशयोक्तच. बाहू बरंच काम स्वतः उरकतात, तरी डोळ्यांनी पाहून डोक्यातला मेंदू त्यांना वळवू शकतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

२०१५ मध्ये ऑक्टोपसचा जनुकसंच वाचला गेला. चेतापेशींच्या जोडणीत उपयोगी पडणाऱ्या प्रोटोकॅडहेरिन गटातली दीडशेहून अधिक जनुकं त्यात निघाली, माणसाच्या दुपटीहून जास्त. आपल्याकडेही याच गटाचा पसारा मोठा आहे, पण तो वेगळा, स्वतंत्रपणे वाढलेला.

आणि वाढ? गोगलगायीसारखा तात्पुरता डिंभ ऑक्टोपसला नाही. गर्भात डोळ्यांच्या भोवती एक पट्टा असतो. मेंदूच्या पेशी तिथे जन्मतात आणि प्रवास करत मध्यभागी येतात. आपल्या गर्भातही चेतापेशी असाच लांबचा प्रवास करतात, कुठलाही सल्ला न घेता दोघांनी तोच मार्ग निवडला. अंड्यातून बाहेर पडताना सामान्य ऑक्टोपसचं पिल्लू दोनेक मिलिमीटरचं असतं आणि त्याच्या मेंदूत सुमारे २ लाख पेशी असतात. बाकीच्या कोट्यवधी समुद्रात शिकार करता करताच वाढायच्या असतात.

नमस्कार.