‘मिनिस्त्रा’ कानाला का खटकते? इटालियन भाषा, माध्यमे आणि बायकांची पदनामे

नमस्कार. नामांच्या लिंगाविषयीच्या मागच्या भागात मी ‘ला सिंदाका’, म्हणजे महापौरपदी असलेली बाई, हा शब्द वापरला होता. त्यावर आलेल्या प्रतिक्रियांना दोन ओळींत उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून हा स्वतंत्र भाग करते आहे. बहुतेकांचे म्हणणे असे की पाठ्यपुस्तकात ‘इल सिंदाको’ हे पुल्लिंगी रूप दिलेले असताना हे दुसरे रूप कानाला खटकते, आणि व्याकरण शिकवताना त्यात स्त्री-पुरुषांचा वाद आणायचे कारण नाही. तो वाद मी आणलेला नाही. इटलीच्या वर्तमानपत्रांत, संसदेत आणि दूरचित्रवाणीवर तो जवळपास चाळीस वर्षे चालू आहे, आणि तो ठाऊक नसेल तर तिथली राजकारणाची साधी बातमीसुद्धा अर्धीच कळते.

व्याकरण झटपट उरकते. इटालियनमध्ये लिंगे दोनच, नपुंसकलिंग नाही. ‘ओ’कारान्त नामे बहुधा पुल्लिंगी, ‘आ’कारान्त बहुधा स्त्रीलिंगी, ‘ए’कारान्त दोन्हींपैकी काहीही. उपपद (नामाआधी येणारे ‘इल’, ‘ला’ असे शब्द), विशेषण आणि ‘आला-आली’ यांसारखी रूपे नामाप्रमाणे बदलतात. वर्गात सगळ्या मुली असल्या तर ‘रागात्से’, पण त्यांत एक जरी मुलगा येऊन बसला तर सगळ्यांना मिळून पुल्लिंगी ‘रागात्सी’. एवढे पुरे.

आता त्या ‘खटकण्या’कडे वळू. प्राथमिक शाळेतील शिक्षिकेला ‘माएस्त्रा’, रुग्णालयातील परिचारिकेला ‘इन्फेर्मिएरा’, कारखान्यातील कामगार बाईला ‘ओपेराया’ आणि दुकानातील विक्रेतीला ‘कोम्मेस्सा’ म्हणताना आजवर कोणाच्याही कानाला त्रास झाल्याचे ऐकिवात नाही. ‘मिनिस्त्रो’पासून ‘मिनिस्त्रा’ हे मंत्रिपदावरील बाईचे रूप तंतोतंत ‘माएस्त्रो’-‘माएस्त्रा’च्या नियमानेच होते; शेवटचे जोडाक्षरसुद्धा तेच आहे. मग एक गोड आणि दुसरे कर्कश कसे? ‘मिनिस्त्रा’ला ‘मिनेस्त्रा’चा, म्हणजे भाज्यांच्या सूपचा, वास येतो ही कोटी इटलीत इतकी झिजलेली आहे की ती करणाऱ्याला आता हसूही येत नसावे. पदाचा मान जसजसा वाढतो तसतसे स्त्रीलिंगी रूप बेसूर वाटू लागते, एवढेच यातून दिसते. ‘दिरेत्रीचे’ हा शब्द शाळेच्या मुख्याध्यापिकेसाठी चालतो, पण तीच बाई वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभी राहिली की तोच शब्द तोकडा पडतो.

हे निरीक्षण माझे नव्हे. पंतप्रधान कार्यालयाच्या अखत्यारीतील समता आयोगासाठी आल्मा साबातीनी यांनी १९८७ साली भाषेतील लिंगभेदाविषयी शिफारशी लिहिल्या. त्यांत ‘अव्वोकाता’, ‘मिनिस्त्रा’, ‘सिंदाका’ ही रूपे सुचवली होती आणि ‘एस्सा’ हा प्रत्यय शक्य तिथे टाळावा असे म्हटले होते, कारण त्याला एके काळी ‘अमक्याची बायको’ असा किंवा टिंगलीचा अर्थ चिकटलेला होता. त्यांवर वर्तमानपत्रांनी भरपूर थट्टा केली.

खटकण्याचा मुद्दा दुसऱ्या बाजूने पाहू. ‘अव्वोकाता’ म्हणजे वकील असलेली बाई. हा शब्द स्त्रीवाद्यांनी काल-परवा घडवला अशी समजूत असलेल्यांनी ‘साल्वे रेजिना’ ही मरियेची प्रार्थना इटालियनमध्ये ऐकावी. तीत मरियेला ‘अव्वोकाता नोस्त्रा’, आमची कैवारी, असेच आळवले जाते. इटलीतल्या पेरूजा शहरात शिकत असताना माझ्या शेजारच्या आजीबाई रोज संध्याकाळी जपमाळ संपवताना हे शब्द म्हणत असत, भिंतीपलीकडून मला ते स्पष्ट ऐकू येत. त्यांची भाची वकिली करायची. तिची ओळख करून देताना मात्र त्या अभिमानाने ‘अव्वोकातो’ असे पुल्लिंगी रूप वापरत, आणि भाचीच्या दारावरच्या पितळी पाटीवरही तेच कोरलेले होते. तिला मी विचारले तेव्हा ती म्हणाली की स्त्रीलिंगी रूप लावले तर अशील फी कमी करून मागतील. ती हसत होती, पण पाटी काही बदलली नाही.

तिचे कारण मला पोकळ वाटत नाही. लिदिया पोएत यांचे नाव १८८३ मध्ये तुरीनच्या वकिलांच्या यादीत नोंदले गेले आणि त्याच वर्षी न्यायालयाने ते काढून टाकले. बायकांना व्यवसाय करण्याची मुभा देणारा कायदा १९१९ मध्ये झाल्यानंतर, १९२० साली, वयाच्या पासष्टीत, त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. न्यायाधीशपदाचे दार तर बायकांना १९६३ मध्ये उघडले. जिथे बायका नव्हत्याच तिथे त्यांच्यासाठीचा शब्द कोणाच्या कानावर पडणार होता?

म्हणून तिसरी बाजू, आणि ती माध्यमांची. जून २०१६ मध्ये रोममध्ये विर्जिनिया राज्जी आणि तुरीनमध्ये कियारा आप्पेंदीनो निवडून आल्या. मोठ्या शहरांच्या दोन महापौर एकदम बातमीत आल्यामुळे ‘सिंदाका’ हा शब्द वर्तमानपत्रांत आणि बातम्यांत रोज येऊ लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्जो नापोलितानो यांनी ‘मिनिस्त्रा’ला भयंकर आणि ‘सिंदाका’ला किळसवाणे संबोधन म्हटले, तरीही ‘सिंदाका’ टिकला, कारण रोज सकाळी छापला जाणारा शब्द कान किती दिवस नाकारणार? कान उपजत नसतो, तो तयार होतो. प्रतिक्रियांमध्ये ‘कानाला बरे वाटत नाही’ असे लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की तो कान कोणी तयार केला हेही एकदा पाहावे.

इथे शिकणाऱ्यांची हमखास अडचण होते, म्हणून थोडे सावकाश सांगते. मराठीत ‘मंत्री आल्या’ असे म्हटले की काम भागते, कारण ‘मंत्री’ला उपपद लागत नाही आणि क्रियापद बाईचे बाईपण निमूटपणे सांगून टाकते. इटालियनमध्ये ही पळवाट नाही. ‘इल मिनिस्त्रो’ असे पुल्लिंगी उपपदाने सुरू केले की पुढे ‘आर्रिवातो’ म्हणजे ‘आला’ असेच म्हणावे लागते. ‘आर्रिवाता’ म्हटले तर वाक्य मध्येच मोडते. मग बातमीत मंत्रिमहोदय गरोदर आहेत आणि त्यांचे पतीही सोबत आले होते, अशी वाक्ये तयार होतात. ज्यांना स्त्रीलिंगी पदनाम व्याकरणावरचा अत्याचार वाटतो त्यांना हे कसे सोसते, हे मला अजून कळलेले नाही. व्याकरण इथे ‘मिनिस्त्रा’च्याच बाजूचे आहे.

‘प्रेसिदेंते’, म्हणजे अध्यक्ष (इटलीत पंतप्रधानांनाही मंत्रिपरिषदेचे ‘प्रेसिदेंते’ म्हणतात), हा शब्द तर ‘ए’कारान्त, दोन्ही लिंगांत तोच, फक्त ‘इल’ऐवजी ‘ला’ लावायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जॉर्जा मेलोनी इटलीच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि त्यांच्या कार्यालयातून गेलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख चक्क ‘इल सिन्योर प्रेसिदेंते’, म्हणजे ‘श्रीयुत अध्यक्ष’, असा झाला. ओरड झाल्यावर ‘श्रीयुत’ मागे घेतले, ‘इल’ मात्र राहिले. मेलोनी यांनी आपल्याला काय हवे ते म्हणा, जॉर्जा म्हटले तरी चालेल, असे सांगून विषय झटकला. त्याआधी, २०२१च्या सानरेमो संगीत महोत्सवात वाद्यवृंदाच्या संचालिका बेआत्रीचे वेनेत्सी यांनी मंचावरून आपल्याला ‘दिरेत्तोरे’ (संचालक) असे पुल्लिंगीच म्हणावे असे सांगितले होते. स्वतःला काय म्हणवून घ्यायचे हा त्यांचा हक्क मला मान्य आहे. पण मोठेपणाची खूण म्हणून पुरुषाचे रूप निवडावे लागते, यातून त्या रूपाला मिळालेला मान दिसतोच.

काही प्रेक्षकांनी ‘मग पुरुषांसाठी पेदियात्रो आणि जोर्नालिस्तो म्हणायचे का’ असा टोमणा मारला आहे. ‘पेदियात्रा’ म्हणजे बालरोगतज्ज्ञ, ‘जोर्नालिस्ता’ म्हणजे पत्रकार. हे शब्द ‘आ’कारान्त असले तरी एकवचनात दोन्ही लिंगांना तेच रूप चालते, फक्त उपपद बदलते, त्यामुळे पुरुष त्यांत आधीच सुखाने बसलेला आहे. पहारेकऱ्याला ‘ला ग्वार्दिया’ असे स्त्रीलिंगी नाव आहे हे खरे, पण त्यामुळे कोणा पुरुषाला त्या कामावर घ्यायचे नाकारल्याचे ऐकले नाही.

दूरचित्रवाणीने तर बायकांसाठी एक शब्दच नव्याने रुळवला. ‘वेलिना’ म्हणजे मुळात पातळ कागद. फॅसिस्ट राजवटीत वर्तमानपत्रांना काय छापावे याचे सरकारी आदेश अशा कागदावर येत, म्हणून त्या आदेशांनाही ‘वेलिना’ म्हणत. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्रिश्शा ला नोतित्सिया’ या उपहासात्मक वृत्तकार्यक्रमात निवेदकांकडे बातमीचा कागद घेऊन येणाऱ्या तरुण नर्तिकांना हे नाव पडले. निवेदक बोलणार, त्या कागद आणून हसणार आणि नाचणार. पुढे हा शब्द कोशात गेला, तोही पडद्यावरच्या शोभिवंत मुलीसाठी. बोलण्याचे काम पुरुषाकडे आणि दिसण्याचे बाईकडे, ही वाटणी रोज रात्री जेवणाच्या वेळी घराघरांत पाहिली जात होती. २००९ मध्ये लोरेल्ला त्सानार्दो यांच्या माहितीपटाने दूरचित्रवाणीवरच्या बायकांच्या याच चित्रणावर बोट ठेवले. तरीही २०२०च्या सानरेमोच्या पत्रकार परिषदेत निवेदक आमादेउस यांनी एका सहनिवेदिकेचे कौतुक केले ते थोर पुरुषाच्या शेजारी एक पाऊल मागे उभे राहण्याच्या गुणाबद्दल. तो पुरुष म्हणजे तिचा मित्र, मोटारसायकल शर्यतपटू वालेंतीनो रॉस्सी.

भाषेचा सर्वांत जड भार मात्र खुनाच्या बातम्यांत जाणवतो. अब्रूसाठी केलेल्या खुनाला सौम्य शिक्षा देणारे दंडसंहितेचे कलम इटलीत १९८१ पर्यंत होते; कलम गेले, पण मथळ्यांत ‘प्रेमाच्या भरात’, ‘अचानक झटका’ हे शब्द राहिले, जणू मारणाऱ्यालाच काहीतरी झाले होते. याविरुद्ध पत्रकारांनी २०१७ मध्ये व्हेनिसचा जाहीरनामा काढला. ‘फेम्मिनिचीदिओ’, बाईला बाई म्हणून ठार मारणे, हा त्रेक्कानी विश्वकोश संस्थेने निवडलेला २०२३चा शब्द होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेने तो स्वतंत्र गुन्हा ठरवला.

शेवटी, इटालियनमध्ये पत्र किंवा निबंध लिहिणाऱ्यांनी ‘मिनिस्त्रा’, ‘सिंदाका’, ‘ला प्रेसिदेंते’ निःशंक लिहावे. इटालियन भाषेची जुनी संस्था असलेल्या क्रुस्का अकादमीने २०२३ मध्ये न्यायालयीन लेखनाविषयी दिलेल्या सल्ल्यात व्यवसायांची स्त्रीलिंगी रूपे मान्य केली आहेत, लिंग दिसू नये म्हणून शब्दाच्या शेवटी लावतात ते उलट्या ‘ए’चे चिन्ह (ə) आणि तारका (*) मात्र नाकारल्या आहेत. बाईच्या आडनावाआधी ‘ला’ लावू नये, हेही त्यातच आहे. मेलोनींच्या आधीचे पंतप्रधान मारिओ द्रागी नुसते ‘द्रागी’ आणि मेलोनी मात्र ‘ला मेलोनी’, ही वर्तमानपत्री खोड उचलू नका. वकील बाईंना मात्र त्यांच्या पाटीवर काय लिहिले आहे ते पाहून संबोधा. आणि रुग्णालयात पांढऱ्या कोटातील तरुण बाई समोर आली तर ‘सिन्योरीना’ (कुमारी) म्हणू नका. ती ‘दोत्तोरेस्सा’, म्हणजे डॉक्टर, आहे, आणि तिच्याच वयाच्या शेजारच्या मुलाला तुम्ही न विचारता ‘दोत्तोरे’ म्हटलेले असेल.