शिखराचं नाव फोनला कोण सांगतं?

नमस्कार मंडळी.

पाऊस ओसरला की मुंबईला मोजकेच दिवस असे मिळतात, की पूर्वेकडचे डोंगर खरोखर दिसतात. वाशीच्या खाडीपुलावरून पाहिलं तर पारसिकच्या टेकडीमागे मलंगगड, चंदेरी, माथेरानचं लांबट पठार, मग प्रबळगड आणि दक्षिणेला कर्नाळा अशी रांगच उभी असते. डिसेंबर उजाडला की धुरकं येतं आणि ती रांग पुसली जाते. तेव्हा डोंगर ओळखायला शिकायचं असेल, तर ते दिवस हेच.

हल्ली माथ्यावर पोहोचलेला प्रत्येक गट फोन काढतो. पीकफाइंडर, पीकव्हायझर अशी अ‍ॅप्स आहेत; फोन समोर धरला की पडद्यावर शिखरांची नावं उमटतात. मला हे तंत्र मनापासून आवडतं. पण त्याच्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे भेटतो: कॅमेरा डोंगराचा आकार पाहून त्याला ओळखतो, असा. तसं काही नसतं. दाट धुक्यातही ही अ‍ॅप्स नावं दाखवतात, कारण त्यांना डोंगर पाहायची गरजच नसते. तुम्ही कुठे उभे आहात हे जीपीएसवरून कळतं. फोनमधलं होकायंत्र सांगतं, तोंड कुठल्या दिशेला आहे. जमिनीच्या उंचीचा साठा आधीच तयार असतो. या तिन्हींवरून, तुमच्या जागेवरून क्षितिज कसं दिसायला हवं हे गणिताने काढलं जातं आणि त्या रेषेवर नावं बसवली जातात. पीकफाइंडरमध्ये भागाचा डेटा आधी उतरवून घेतला असेल, तर रेंज नसलेल्या घाटातही हे सगळं चालतं.

या गणितात पृथ्वीची गोलाईसुद्धा धरावी लागते. दादरपासून माथेरान सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर. एवढ्या अंतरात गोलाईमुळे सुमारे १६० मीटर उंची क्षितिजाखाली जाते. शंभर किलोमीटरवर हा आकडा ७८५ मीटर होतो. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, म्हणून त्यातला सातवा-आठवा हिस्सा परत मिळतो. कळसूबाई १६४६ मीटर उंच असूनही मुंबईच्या रस्त्यावरून का दिसत नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. उरलेलं उत्तर मधल्या डोंगरांत आणि इमारतींत.

आता दिशेबद्दल. ही सगळ्यात नाजूक कडी आहे. जीपीएस दहा मीटरने चुकलं तर लांबच्या शिखराला काही फरक पडत नाही. पण होकायंत्र पाच अंशांनी चुकलं, तर तीस किलोमीटरवर नाव अडीच किलोमीटर बाजूला सरकतं, म्हणजे शेजारच्या डोंगरावर जाऊन बसतं. लोखंड आणि वीज जवळ असली की होकायंत्र बिघडतं, हे मुंबईइतकं कुठल्या शहराला ठाऊक असणार? कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या मोजणीत गोंधळ होईल म्हणून ते काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून ते तिथे चालतं. विजेची ट्राम धावली १९०७ साली, म्हणजे माणसं आधीच सावध झाली होती. तेव्हा लोकलच्या डब्यात किंवा पुलाच्या लोखंडी कठड्याला टेकून अ‍ॅप उघडलं, तर त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका.

आणि डोंगरावर गेलात म्हणजे सुटलात असंही नाही. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, आणि माथ्यावर जिथे वीज पडलेली असते, तिथला खडक होकायंत्राला जवळून चांगलाच भरकटवतो. फोन कातळावर ठेवून दिशा पाहू नका. उभे राहा, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा, मग समोर धरा. त्यानंतर ज्याच्याबद्दल जराही शंका नाही असा एक डोंगर निवडा आणि पडद्यावरची रेषा बोटाने सरकवून त्याच्यावर जुळवा. एक जुळला की बाकीचे आपोआप जागेवर येतात. म्हणजे निदान एक डोंगर तुमचा तुम्हाला ओळखता यायला हवा.

कळसूबाईवर गेलात तर पश्चिमेला तोंड करून हे करून पाहा. अलंग, मदन, कुलंग ही तिघं एकामागोमाग आहेत: अलंग जवळ, कुलंग लांब. आधी फोन खिशात ठेवून ती ओळखा, मोठ्याने नावं घ्या, मग फोन काढा. हा क्रम उलटला की पाहणं थांबतं आणि नुसतं वाचणं उरतं. नव्या मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

उंचीचा साठा कुठून आला, तेही सांगायला हवं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज साधारण ३० मीटरच्या चौकोनांत सगळ्यांना खुली आहे, आणि डोंगर ओळखणारी अ‍ॅप्स अशाच चौकोनी आराखड्यांवर उभी आहेत. ३० मीटरच्या चौकोनाला उंची एकच. हिमालयाला, आल्प्सला हे पुरतं. सह्याद्रीला पुरत नाही, कारण आपल्या डोंगरांची ओळखच मुळी सुळक्यांत आहे. कर्नाळ्याचा अंगठा, जीवधनची वानरलिंगी, माहुलीचे नवरा-नवरी: या सगळ्यांवर गोधडी टाकावी तसे ते पडद्यावर बोथट होतात किंवा नाहीसेच होतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर पोटात आत वळलेला. एका जागेला एकच उंची मांडणाऱ्या आराखड्यात तो बाक बसूच शकत नाही. पडद्यावर दिसतो तो साधा उतार. कोकणातून वर बघणारा माणूस ज्या खुणेने डोंगर ओळखतो, नेमकी तीच खूण अ‍ॅपमध्ये नसते.

आणि नावं? मला आज बोलायचंय ते मुख्यतः यावरच. रेषा यंत्राने काढली, पण नावं यंत्राला कळत नाहीत. ती कुणीतरी लिहिलेली असतात. बरीच अ‍ॅप्स ती ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतात. २००४ साली सुरू झालेला हा खुला नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. जिथे भरणारे भरपूर, तिथे प्रत्येक टेकाडाला नाव. आपल्याकडे गडकोटांची नावं आहेत, पण दोन गडांमधला डोंगर पाहा: नुसती उंची, नाव नाही. पायथ्याच्या वाडीतल्या माणसाला मात्र त्या डोंगराचं नाव, त्याच्या खिंडीचं नाव, वरच्या पाण्याच्या टाक्याचं नाव, सगळं ठाऊक असतं.

मोजणारा एक आणि नाव ठेवणारा दुसरा, असं पूर्वीही झालेलं आहे. १८५२ च्या सुमारास भारतीय सर्वेक्षण खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या गणितातून जगातलं सर्वांत उंच शिखर ठरलं, तेव्हा त्याला नुसता क्रमांक होता, पंधरावं शिखर. स्थानिक नाव मिळत नाही असं सांगून त्याला त्याच खात्याचे माजी प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव दिलं गेलं. तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत होते. तेव्हा सर्वेक्षकांना तिबेट आणि नेपाळ बंद होते. आपल्याला माहुलीच्या पायथ्याच्या वाड्या बंद नाहीत. आसनगाव स्टेशनला उतरलं की आपण तिथे असतो. मग विचारत का नाही?

ट्रेकला जाल तेव्हा वाटाड्याबरोबर बसा. अ‍ॅप उघडून त्यांना ती रांग दाखवा आणि बिननावाच्या शिखरावर बोट ठेवून विचारा, "मामा, याला काय म्हणता?" दुसऱ्या वाडीत पुन्हा विचारा. मग ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून ते शिखर भरा. छापील किंवा कंपन्यांच्या नकाशांवरून नावं उचलू नका, त्यांचे हक्क राखीव असतात. ऐकलेलं आणि पडताळलेलं नाव मात्र बिनधास्त घाला, तेही देवनागरीत.

इथे समोरून एक चिठ्ठी आली आहे: घाटाखालचे एक नाव सांगतात, घाटावरचे दुसरं, तर काय लिहायचं? दोन्ही लिहा. त्या नकाशात मुख्य नावाशेजारी पर्यायी नावाचा रकाना असतो, मराठी नावाचा वेगळा असतो. कुठलं नाव कुठल्या गावात ऐकलं, ते टिपणाच्या रकान्यात नोंदवा, म्हणजे पुढे तिथे जाणाऱ्याला पडताळून पाहता येईल.