वाळूची कॉलर, खडकावरच्या कुप्या

ओहोटीच्या वेळी कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यावर कधीकधी राखाडी रंगाचं, एका बाजूनं उघडं कडं पडलेलं दिसतं. अगदी शर्टाच्या कॉलरसारखं. बरेच जण रबराचा तुकडा समजून ते भिरकावतात. ही असतात मून स्नेल या शिकारी सागरी गोगलगाईची अंडी, आणि बहुधा जिवंत.

मादी हे काम वाळूत राहूनच करते. चिकट द्रावात लपेटलेली अंडी पट्टीच्या रूपात बाहेर येतात, त्या द्रावाला वाळूचे कण चिकटतात आणि पट्टी शंखाला वळसा घालत पुढे सरकते. कॉलरला गोलाई मिळते ती शंखामुळे. मादी मोठी, तर कॉलरही मोठी. मग मादी निघून जाते. राखण करते ती वाळू. अंडी पट्टीच्या आत बंद असतात, बाहेरून दिसते फक्त किनाऱ्याचीच रेती.

ओली कॉलर लवचीक असते. उन्हात सुकली की ठिसूळ होते, बोटानं दाबताच मोडते आणि आतले जीव मरतात. म्हणून ती उचलू नये. उचललीच तर पाण्यालगतच्या ओल्या रेतीत परत ठेवावी. पाण्यात राहून आपोआप विरलेली कॉलर मात्र चांगली खूण. पिल्लं सुटलेली असतात.

खडकावर वेगळी युक्ती लागते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरची डॉग व्हेल्क ही गोगलगाय घ्या. तिची अंड्यांनी भरलेली मऊ कुपी शरीरातून निघून पायाच्या तळव्यातल्या ग्रंथीत जाते. तिथे तिला आकार येतो, ती कडक होते आणि खडकाला चिकटवली जाते. उंची जेमतेम ८ मिलिमीटर, तोंडाला बूच. आत शेकडो अंडी, पण वाढतात साधारण २५ ते ३०. बाकीची अंडी म्हणजे त्यांची शिदोरी. सुमारे चार महिन्यांनी बूच विरघळतं आणि तयार शंख पाठीवर घेऊन पिल्लं रांगत बाहेर येतात.

इतकी भक्कम कुपीही कुचकामी ठरली ती बोटींच्या रंगातल्या ट्रायब्युटिलटिन या विषामुळे. माद्यांमध्ये नराचं इंद्रिय वाढलं, अंडवाहिनी बुजली, कुप्या आतच अडकल्या आणि माद्या मेल्या. ब्रिटननं १९८७ मध्ये लहान बोटींसाठी हा रंग बंद केला. जागतिक बंदी २००८ मध्ये लागू झाली.

कवडीची मादी मात्र अंडी सोडून जात नाही. दगडाखाली कुप्यांचा पुंजका घालून पिल्लं निघेपर्यंत ती त्यावर पाय पसरून बसते. दगड उलटा पडला, तर ऊन, खेकडे आणि मासे तो पुंजका संपवतात. उचललेला दगड हळूच, होता त्याच बाजूनं टेकवावा. आपटला तर खालची मादीही चिरडते.