एका गुंठ्यातले शेवाळ

मित्रहो, पावसाळा लागला की जांभ्याच्या गडग्यावर, विहिरीच्या कठड्यावर आणि अंगणातल्या पायरीवर जे हिरवे बुळबुळीत चढते, त्याच्याशी कोकणी माणसाचा संबंध बहुधा पाय घसरण्यापुरताच येतो. मला आज बोलायचे आहे ते त्याच्या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय भाऊबंदांविषयी: गुंठाभर हौदात ते पिकवायचे तर तेलासाठी की गुरांच्या चाऱ्यासाठी? त्यांतल्या क्लोरेलाची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान असते.

या शेवाळातून डिझेल काढण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेने १९७८ ते १९९६ या काळात सरकारी खर्चाने त्यावर संशोधन केले. पण खनिज तेलाच्या भावाशी मेळ बसेना, तेव्हा ते थांबवले. का बसेना, ते एका गुंठ्याच्या हिशेबातही दिसते. वीस सेंटिमीटर खोलीच्या उघड्या हौदात चौरस मीटरमागे दिवसाला १० ते १५ ग्रॅम सुके शेवाळ मिळाले तर पीक चांगले आले म्हणायचे. म्हणजे गुंठ्याला किलो-दीड किलो. त्याचा पाचवा हिस्सा तेल धरला, तर हाती येते पाव किलोच्या आसपास. नत्र तोडले की पेशी अधिक तेल साठवते हे खरे, पण मग तिची वाढ खुंटते. त्यातही लिटरभर पाण्यात शेवाळ असते अर्धा ते एक ग्रॅम, आणि पेशी फडक्यातूनही निसटते. किलोभर शेवाळासाठी हजार-दोन हजार लिटर पाणी वेगळे करून वर ते वाळवण्यात जी ऊर्जा जाते, ती त्या तेलातून भरून निघणे कठीण.

मग पाणी पुरते काढायचेच कशाला? चाऱ्याच्या बाजूने माझे मत झुकते ते येथे. सुक्या क्लोरेलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे शेंगदाणा पेंडीच्या तोडीची किंवा थोडी जास्तच, आणि नुसत्या भाताच्या पेंढ्यावर असलेल्या गाईला उणीव असते ती प्रथिनांचीच. निवळून दाट केलेले ओले शेवाळ आंबोणात कालवता येते. मत्स्यबीज केंद्रे तर ते पाण्यासकटच वापरतात.

अडचण पावसाची आहे. कोकणात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस होणे नवलाचे नाही, आणि आपल्या हौदाची खोलीही नेमकी तेवढीच! तेव्हा हंगाम ऑक्टोबरनंतरचा, तोही एप्रिल-मेमध्ये विहीर साथ देईल तेवढाच. खत म्हणून गोबरगॅसची मळी चालते, मात्र ती भरपूर पातळ करून. काळ्या पाण्यात ऊन शिरत नाही.

एक चूक मात्र कोणी करू नये. तळ्यातले आयते हिरवे पाणी गुरांपुढे ठेवू नये, कारण त्यात मायक्रोसिस्टिस हे विषारी निळे-हिरवे शेवाळ असू शकते. त्याचे विष यकृतावर जाते आणि जनावर दगावते. बियाणे शुद्ध आणावे, आणि हौदाचा रंग निळसर झाला किंवा वर साय धरली, तर सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाहिल्याशिवाय एक बादलीही गोठ्यात नेऊ नये.