पोलिसाची काठी आणि खालची फोटोओळ

आधी एका छायाचित्राचे वर्णन करतो. चेहरा रक्ताने माखलेला एक तरुण खाली वाकला आहे आणि त्याच्यामागे हातात काठी घेतलेला इस्रायली पोलीस तोंड उघडून ओरडतो आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेकडून आलेले हे छायाचित्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ३० सप्टेंबर २००० रोजी छापले आणि टेम्पल माउंटवरील इस्रायली पोलीस व पॅलेस्टिनी अशी फोटोओळ खाली दिली. टेम्पल माउंट म्हणजे जेरुसलेममधील, ज्यू आणि मुस्लिम दोघांनाही पवित्र असलेली टेकडी. वाचकाने त्याचा अर्थ काय लावला असेल, हे वेगळे सांगायला नको.

घडले होते नेमके उलटे. तो तरुण शिकागोचा ज्यू विद्यार्थी होता. जेरुसलेममध्ये टॅक्सीतून जाताना पॅलेस्टिनी जमावाने त्याला बाहेर ओढून बेदम मारले होते, कसाबसा निसटून तो या पोलिसापाशी पोहोचला होता, आणि पोलीस ओरडत होता तो त्याच्यावर नव्हे, तर मागून येणाऱ्या जमावावर. ही चूक त्याच्या वडिलांनी पत्र लिहून कळवली. ४ ऑक्टोबरला दुरुस्ती छापून आली, तीही अपुरी ठरल्याने ७ तारखेला पुन्हा खुलासा करावा लागला. खरे तर पुरावा चौकटीतच होता. पोलिसाच्या मागे पेट्रोल पंप दिसतो, आणि टेम्पल माउंटवर पेट्रोल पंप नाही.

तो पंप कोणाला का खटकला नाही? आदल्याच दिवशी त्या टेकडीवर पोलिसांच्या गोळीबारात पॅलेस्टिनी माणसे ठार झाली होती, त्यामुळे फोटोओळ त्या दिवसाच्या बातमीशी सहज जुळली आणि कोणी डोळे बारीक करून पाहिले नाही. शब्दांची ही किमया आपल्यालाही परकी नाही. ‘सौम्य लाठीमार’ हे शब्द आपण किती निवांतपणे वाचून पुढे जातो! मात्र एक छायाचित्र चुकीचे निघाले म्हणून टेम्पल माउंटवरचे ते मृत्यू खोटे ठरत नाहीत, आणि अशा चुका उघडकीस आल्यावर हा उलटा निष्कर्षही तितक्याच घाईने काढला जातो.

अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनादरम्यान ३ मे १९६३ रोजी टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात पोलिसाचा कुत्रा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या पोटावर झेपावताना दिसतो. हा तरुण आंदोलक नव्हता, नुसता बघ्या होता, हे पुढे स्पष्ट झाले. पोलीस कुत्र्याला सोडत नसून मागे खेचत होता, असेही काही अभ्यासकांनी म्हटले. पट्ट्याविषयीचा हा वाद जरूर व्हावा. पण त्याच दिवशी त्याच परिसरात शाळकरी मुलांवर अग्निशामक दलाच्या पाण्याचा जोरदार मारा झाला होता, आणि कुत्रे व ते पाण्याचे पाइप तेथे आले होते सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर यांच्या हुकमावरून.