घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिटिंग : सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी!

गेल्या वर्षी आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. साडेतीन तासांचं शूटिंग, सगळं मोबाइलवर. मी एका सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घेतली आणि चार रात्री जागून चाळीस मिनिटांचा व्हिडिओ जुळवला. शेवटी एक्स्पोर्ट केला, म्हणजे तयार फाइल बाहेर काढली, तर आजीच्या चेहऱ्यावरून आडवा वॉटरमार्क, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नावाचा शिक्का! आणि शीर्षकात ‘दर्शन’मधला रफार ‘श’च्या डोक्यावर बसायचा सोडून पाय मोडका ‘र्’ होऊन शेजारी उभा. फार वाईट वाटलं हो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आजचा व्हिडिओ.

“सगळ्यात भारी सॉफ्टवेअर कुठलं?” असं बरेच जण विचारतात. मी आधी विचारतो, कॉम्प्युटर कुठला आहे आणि शूटिंग कशावर करता?

(स्क्रीनवर : टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने मांडायची पट्टी, अडखळताना)

हे बघा. मोबाइलचा ४के व्हिडिओ, लॅपटॉपला ८ जीबी रॅम. प्ले केलं की दोन पावलं चालतो आणि थबकतो. आपण सॉफ्टवेअरला नावं ठेवतो, पण खरं कारण फाइलमध्ये असतं.

दुकानदाराची वही डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पानावर पूर्ण शिल्लक लिहिलेली, पुढे रोजची फक्त जमा आणि नावे. मधल्या एखाद्या दिवसाची शिल्लक विचारली, तर पहिल्या पानापासून बेरीज करत यावं लागतं. मोबाइलचा व्हिडिओ असाच साठवलेला असतो. एक चित्र पूर्ण, आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. नुसता बघताना बेरीज ओळीने चालू राहते. एडिटिंगला मात्र आपण सारखे मधेच उडी मारतो, मागे येतो, कापतो. प्रत्येक उडीला कॉम्प्युटर नव्याने हिशेब मांडतो. एचइव्हीसी, म्हणजे एच.२६५ प्रकारच्या फाइलला तर हा हिशेब आणखी किचकट. जुन्या प्रोसेसरला तो झेपत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. सॉफ्टवेअर तुमच्या प्रत्येक क्लिपची छोटी, हलकी प्रत बनवतं. तुम्ही काटछाट त्या प्रतीवर करता आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ क्लिप वापरली जाते. ४केच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. ९६० गुणिले ५४०च्या प्रॉक्सीत त्याच्या बरोबर सोळाव्या हिश्शाइतके. म्हणून तोच लॅपटॉप एकदम सुरळीत चालायला लागतो. माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरसाठी सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच, की त्यात प्रॉक्सीची सोय आहे का?

शॉटकट आणि केडेनलाइव्ह, दोन्हींत आहे. दोन्ही मुक्तस्रोत, फुकट, वॉटरमार्क नाही, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतात. ८ जीबी रॅम असेल तर मी डोळे झाकून यांच्याकडेच पाठवतो. शॉटकट शिकायला सोपं. केडेनलाइव्हमध्ये शीर्षकांचं काम जास्त मोकळेपणाने करता येतं.

डाविंची रिझॉल्व्ह? अप्रतिम आहे. सिनेमाचे रंग ज्यावर केले जातात, ते हे सॉफ्टवेअर. मोफत आवृत्तीत ४केसुद्धा निघतं. पण त्याला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड द्या. तेवढं नसताना बसवलंत तर शिकण्याचा सगळा उत्साह वाट बघण्यातच संपेल. मॅक असेल तर आयमूव्हीने सुरुवात करा. विंडोज ११ वर क्लिपचॅम्प मिळतं, वाढदिवसाच्या दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओला पुरेसं आहे.

आणि क्रॅक केलेली कॉपी कुणी पेन ड्राइव्हवर देत असेल, तर घेऊ नका. त्याच कॉम्प्युटरवर तुमचे घरचे फोटो आणि बँकेची कामं असतात.

आता मराठीचा मुद्दा, आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

(स्क्रीनवर : शीर्षकाची खिडकी)

कुठलंही सॉफ्टवेअर बसवलं की शीर्षकात हे तीन शब्द टाइप करा : सहस्रचंद्रदर्शन, विद्यार्थी, दऱ्याखोऱ्या. ‘सहस्र’मध्ये त नाही, तेवढं लक्षात ठेवा. ‘वि’ची वेलांटी व्यंजनाच्या आधी आली का? ‘र्थी’चा रफार जागेवर बसला का? आणि ‘ऱ्या’तला तो आडवा र नीट उमटला का? मराठीत तो पावलोपावली लागतो. फॉन्ट युनिकोड घ्या. मुंबईच्या एकटाइपने केलेला ‘मुक्ता’ फुकट मिळतो आणि पडद्यावर स्वच्छ दिसतो. तुमच्याकडे अडोबीचं प्रीमियर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर असेल आणि अक्षरं तुटत असतील, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडा.

मग याच शीर्षकाला तुमच्या मोबाइलची दहा मिनिटांची एक क्लिप जोडा, खाली सनईचा तुकडा टाका आणि एक्स्पोर्ट करा. ती फाइल फोनवर शेवटपर्यंत बघा. वॉटरमार्क आला का? नवव्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळतात का? मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो कमी-जास्त होत असतो, त्यामुळे काही ठिकाणी आवाज हळूहळू सरकतो. असं झालं तर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून क्लिप कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या फ्रेम रेटवर काढून घ्या. शॉटकट तर अशी क्लिप टाकली की स्वतःच विचारतं, बदलून देऊ का?

ही एक संध्याकाळ द्या. चाळीस मिनिटांचं काम त्यानंतर हाती घ्या.

आजीचा व्हिडिओ मी पुढे केडेनलाइव्हमध्ये पहिल्यापासून केला. रात्री प्रॉक्सी लावून झोपलो, सकाळी टाइमलाइन विनातक्रार पळत होती. हे बघा, पहिलीच फ्रेम. ओवाळणीचं ताट, आजीचा चेहरा, आणि खाली पूर्ण ‘सहस्रचंद्रदर्शन’, रफारासकट.