फॉस्फेटेजचं जीन हुडकायचं कसं?

इन्सुलिन पेशीला येऊन चिकटलं की आतल्या काही प्रोटीन्सवर, त्यांच्यातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट बसतो आणि सिग्नल पुढे सरकतो. फॉस्फेट बसवणारी एन्झाइम्स म्हणजे कायनेज, कौतुक बहुतेक त्यांचंच होतं, पण तो फॉस्फेट काढणारं कुणी नसेल तर सिग्नल थांबणार कसा? ते काम फॉस्फेटेजचं, आणि मला तर हेच जास्त भारी वाटतं.

१९८८ मध्ये निक टोंक्स आणि एडमंड फिशर यांच्या टीमने माणसाच्या वारेतून असं एक एन्झाइम शुद्ध करून काढलं, पीटीपी१बी. त्याचा अमिनो आम्लांचा क्रम पांढऱ्या पेशींवरच्या सीडी४५ या प्रोटीनशी जुळला, म्हणजे हे एकटं नाहीये, अख्खं कुटुंब आहे हे कळलं. मग बाकीचे शोधायचे कसे?

इथे प्रोब येतो. प्रोब म्हणजे डीएनएचा छोटा एकेरी तुकडा, आपल्याला जुळणारा क्रम दिसला की तिथेच चिकटणारा. प्रोटीनचा क्रम माहितीये, त्यावरून उलटं जाऊन डीएनए लिहायचा, पण गोची अशी की ल्युसिन या अमिनो आम्लाला सहा कोडॉन (म्हणजे डीएनएतले तीन-अक्षरी शब्द) आणि मेथिओनिनला एकच, म्हणून कमी कोडॉनवाली अमिनो आम्लं जिथे जास्त आहेत असा पट्टा निवडायचा आणि तरी जेवढ्या शक्यता उरतात त्या सगळ्यांचं मिश्रण बनवायचं. त्याला किरणोत्सारी फॉस्फरस-३२ लावायचा, जीन्सच्या तुकड्यांवर सोडायचा, धुवायचं, आणि एक्स-रे फिल्मवर काळा डाग कुठे उठतो ते बघायचं.

खरी कला धुण्यात आहे. गरम आणि कमी मिठाच्या पाण्याने धुतलं तर फक्त तंतोतंत जुळलेलं टिकतं, जरा सौम्य धुतलं की नातेवाईक जीन्सही सापडतात. या कुटुंबात हिस्टिडिन, सिस्टीन, मग कुठलीही पाच अमिनो आम्लं, मग आर्जिनिन हा भाग सगळीकडे जवळपास सारखा, फॉस्फेट तोडायचं काम तिथलं सिस्टीनच करतं.

१९९९ मध्ये पीटीपी१बीचं जीन काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास आला, इन्सुलिनला ते जास्त चांगला प्रतिसाद देत होते आणि चरबीयुक्त खाणं देऊनही त्यांचं वजन फारसं वाढलं नाही.

पण प्रोब फक्त डीएनए किंवा आरएनए (जीनची नक्कल, जिच्यावरून प्रोटीन बनतं) दाखवतो. आरएनए भरपूर आणि एन्झाइम बंद असंही होतं, कारण त्या सिस्टीनचं ऑक्सिडेशन झालं की काम थांबतं, तेव्हा एन्झाइमची अॅक्टिव्हिटी वेगळी मोजावीच लागते.